हो हो म्हणणारा कंपायलर

किस्से जमायला मोकळा वेळ लागतो. आमच्या तंजावूरच्या ऑफिसात तो भरपूर होता, आणि तोही मालकाच्या खर्चानं! आम्ही आळशी होतो अशातला भाग नाही. आमचा प्रोग्रॅम एकदा कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत आणणाऱ्याच्या, हवाली केला की तो बांधून तयार व्हायला इतका वेळ लागायचा, की मशीन कामात आणि माणसं रिकामी. बाहेर रणरणतं ऊन, आत एक पंखा, मागच्या दारातून येणारा कॉफीचा वास आणि रिकामी बसलेली चार माणसं. मग किस्से होणार नाहीत तर काय!

आता आम्ही सगळे चार दिशांना आहोत. फोन झाला की कामातलं कुणालाच धड काही आठवत नाही. हे मात्र सगळं आठवतं.

* * *

नवं शतक नुकतंच लागलं होतं. सॉफ्टवेअर म्हटलं की लोक चेन्नई म्हणायचे, नाहीतर बंगळूर. आणि माझ्या नवऱ्याच्या बँकेनं त्याची बदली केली तंजावूरला! मी सोलापूरची. हातात कॉम्प्युटरची डिग्री घेऊन मी सामान लावत बसले होते, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, मानंबुचावडी भागात एक राव म्हणून आहेत, त्यांना प्रोग्रॅमर हवाय.

राव सर तंजावूरचे मराठी. घराणं कितीतरी पिढ्या इथलंच. पक्की सरकारी नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत कंपनी काढली होती. डोकं फिरलंय, असं सगळ्या नातेवाइकांचं एकमत होतं. मोठा ग्राहक एकच, डेन्मार्कमधली एक दूध कंपनी. त्यांच्या टँकरनं कुठल्या गोठ्यावर कधी जायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम इथे लिहिला जायचा. कावेरीकाठी बसून डेन्मार्कच्या गाईंची काळजी!

मुलाखतीला जाताना मी तमिळची चार वाक्यं पाठ करून गेले. इम्प्रेशन पडावं म्हणून! तिकडे राव सरांना कळलेलं की मुलगी खास महाराष्ट्रातली आहे. तेही तयारीत होते. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, आणि हेल मात्र अस्सल तमिळ.

"तुम्ही कोठील?" त्यांनी विचारलं.

"नान् सोलापूर," मी म्हणाले.

"घरीं कोण कोण असतात?"

"नान्, हस्बंड. रेंडु पेर." म्हणजे दोघंच.

पलीकडच्या टेबलावर सेल्वी बसली होती. ती आमची टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणारी. तिनं थोडा वेळ ऐकलं, मान वर केली आणि इंग्रजी-तमिळच्या खिचडीत म्हणाली (पुढं आमचं सगळ्यांचं बोलणं त्याच खिचडीत व्हायचं, इथं ते मराठीत सांगतेय),

"सर, तुमचं मराठी मला कळत नाही. हिचं तमिळही मला कळत नाही! पण तुमचं दोघांचं जमतंय असं दिसतंय. घेऊन टाका."

घेतलं की त्यांनी!

* * *

चौथा माणूस कण्णन. अत्यंत हुशार, अत्यंत लाजाळू. वाया जाणारा वेळ त्याला बघवायचा नाही. बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी, सुरू करून आम्ही जेवायला जायचो, जेवून यायचो, सेल्वी खुर्चीतच एक डुलकी काढायची, तरी मशीन आपलं चालूच. हा तिथंच स्क्रीनकडे बघत बसायचा.

"कालच्याच फायली आज परत कंपाइल करतंय. काल केलेलं काम आज परत कशाला?" तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं कंपायलरच्या पुढं स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम उभा केला, दारावर रखवालदार उभा करावा तसा. फाइल आली की रखवालदार बघणार, ही आधी येऊन गेली आहे का? गेली असेल तर कंपायलरला त्रास द्यायचा नाही, मागच्या वेळचं उत्तर हातात ठेवायचं. याला कॅश म्हणतात. कण्णननं त्याचं नाव ठेवलं ‘ज्ञाबगम’, म्हणजे तमिळमध्ये आठवण.

आणि काय सांगू! जेवण-अधिक-डुलकी एवढा बिल्ड एका कॉफीत बसायला लागला. राव सरांनी कण्णनची पाठ थोपटली. डेन्मार्कला ईमेल गेली, आमचा वेग वाढलाय म्हणून.

फक्त सेल्वी नाराज. "माझी डुलकी गेली त्याचं काय? ती कुठल्या फाइलीत ठेवलीय?"

* * *

आता पुढचा किस्सा कळायला एक गोष्ट सांगायला हवी. डेन्मार्कवाल्यांकडे तऱ्हेतऱ्हेची मशिनं होती. म्हणून प्रोग्रॅम बांधायच्या आधी ‘कन्फिगर’ नावाची एक स्क्रिप्ट चालवायची. ती त्या मशीनची कसून चौकशी करते, मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखी. हे येतं का? ते येतं का? ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आहे का? कंपायलरला हा पर्याय, म्हणजे ही जादा सूचना, चालते का? प्रत्येक प्रश्नाला ती चार ओळींचा एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून कंपायलरला देते. तो कंपाइल झाला तर उत्तर ‘येस’, नाही झाला तर ‘नो’. बस्स.

एका सकाळी कण्णननं कन्फिगर चालवलं आणि स्क्रीनवर धडाधड उत्तरं आली. येस. येस. येस. येस!

राव सर मागे उभे होते. "आपलें मशीन सुस्वभावी आहे पा!"

सेल्वी म्हणाली, "इतकं हो हो म्हणणारी माणसं मी फक्त लग्न ठरेपर्यंत बघितलीत, सर."

झालंही तसंच! खरा बिल्ड सुरू झाल्याबरोबर कंपायलर अडला. म्हणे, हा पर्याय मला माहीत नाही. अरे, आत्ताच तर हो म्हणालास! कण्णननं परत विचारलं. येस. परत कामाला लावलं. माहीत नाही! त्यानं डोकं धरलं.

सेल्वीनं त्याला बाजूला सरकवलं. कन्फिगरमध्ये तिनं स्वतःचा एक प्रश्न घुसवला. जगातल्या कुठल्याही कंपायलरला माहीत नसलेला पर्याय: मायनस फिल्टर मायनस कॉफी. आणि एंटर मारलं.

स्क्रीनवर आलं: कंपायलरला ‘-filter-coffee’ चालतं का? ...येस!

आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो. मग उलगडा झाला. रखवालदार फक्त फाइलीतला मजकूर बघत होता, तिच्याबरोबर कुठले पर्याय आलेत ते बघतच नव्हता. आणि पर्याय तपासणारा तो चिमुकला प्रोग्रॅम दर वेळी अगदी तोच. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला मिळालेलं ‘हो’ हा पठ्ठ्या पुढच्या प्रत्येक प्रश्नाला देत सुटला होता! कंपायलर बिचारा आत बसलेला, त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पण कण्णन काही हसला नाही. तो गंभीरपणे कंपायलरचं जाडजूड मॅन्युअल उघडून पानं उलटायला लागला.

"काय शोधतोयस?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे... नव्या व्हर्जनमध्ये असेलही!"

* * *

कण्णननं ते दुरुस्त केलं. रखवालदार आता पर्यायही बघायला लागला. आठवडाभर सगळं सुरळीत. मग उलटंच दुखणं निघालं.

डेटाबेसची एक लायब्ररी हवी होती. कन्फिगरनं सांगितलं, ‘नो’, नाहीये. कण्णननं ती टाकली. परत चालवलं. नो. परत टाकली. नो. मशीन बंद करून चालू केलं. नो! शेवटी त्यानं मशीन पूर्ण पुसून सगळं पहिल्यापासून चढवलं, लायब्ररी सगळ्यात आधी टाकली, आणि हात जोडून एंटर मारलं.

नो.

"आहे रे! ही काय, डोळ्यांसमोर आहे!" तो स्क्रीनला म्हणाला. लाजाळू माणूस, पण आवाज चढला.

या वेळीही सेल्वीच आली. तिनं त्या चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीच्या शेवटी एक स्पेस दिली. काही बदल नाही, फक्त एक रिकामी जागा. एंटर. येस!

"काय केलंस?"

"काही नाही. थोडी स्पेस दिली. काही जणांना तेवढंच लागतं."

कारण साधं होतं. रखवालदार ‘हो’ लक्षात ठेवायचा तसं ‘नाही’सुद्धा! एकदा नाही म्हटलं की संपलं. आणि त्याची आठवण वेगळ्याच मशीनवर, आतल्या सर्व्हरवर, त्यामुळे मशीन पुसून उपयोग शून्य. लायब्ररी आली काय, गेली काय, हा आपला जुन्या नकारावर ठाम. एक स्पेस पडली तशी त्याला ती नवी फाइल वाटली आणि त्यानं पहिल्यांदाच आत जाऊन विचारलं.

सेल्वी हसत होती, मी हसत होते. कण्णन मात्र एकदम विचारात पडला. मग उठला आणि तडक मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेला.

स्वयंपाकघर म्हणजे अक्कांचं राज्य. अक्का राव सरांची थोरली बहीण. रोज दुपारी त्या आम्हा सगळ्यांना काहीतरी खायला आणायच्या. कधी उपमा, कधी भाताबरोबर डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर खमंग फोडणी. सगळ्यांना ताट, कण्णनला नाही! मला वाटायचं त्याचं काही पथ्य असेल. तो बिचारा फोडणीचा वास घेत कोड लिहायचा.

तर झालं होतं असं, की नोकरीच्या पहिल्या दिवशी अक्कांनी त्याला विचारलं, खाणार का? आणि हा लाजून म्हणाला, "वेंडा." म्हणजे नको. संपलं! त्यानंतर अक्कांनी कधी विचारलं नाही, आणि मागून घ्यायचा याला धीर झाला नाही.

आम्ही दारातून कान लावले. कण्णनचा आवाज आला, "अक्का, पहिल्या दिवशी मी नको म्हणालो होतो. ते तेवढं पुसून टाका!"

अक्का म्हणाल्या, "नको म्हटलास म्हणून विचारलें नाही पा. आतां विचारतें. पाहिजे?"

"पाहिजे!"

त्या दिवशी त्यानं तीनदा घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात मोठं ताट कण्णनचं. पुढं एकदा त्याचं पोट बिघडलं, डॉक्टरांनी नुसतं ताक प्यायला सांगितलं, तर समोर डांगर पचडीचा डोंगर! तो केविलवाणं "वेंडा, वेंडा" म्हणतोय आणि अक्का वाढतायत.

आता ‘हो’ लक्षात राहिलं होतं ना!

* * *

अक्कांचाच आणखी एक, छोटा आहे. या सगळ्या गोंधळानंतर कन्फिगर चालवायच्या आधी कॅश रिकामी करायची, असा आमच्यात नियम झाला. एका दुपारी कण्णन सुट्टीवर होता. राव सर आतून ओरडले, "कण्णननें जातांना कॅश साफ केली कां?"

सेल्वी बाहेरून ओरडली, "केली सर! पूर्ण साफ! काही ठेवलं नाही!"

मधल्या खोलीत अक्का पूजेची भांडी पुसत होत्या. त्या ताडकन उठल्या, कपाटाशी गेल्या, कुलूप ओढून बघितलं, आणि आमच्या खोलीत येऊन म्हणाल्या,

"आणि तुम्ही दोघी बसून पाहिलांत?"

* * *

राव सरांना मराठी बोलता येई, पण देवनागरी येत नसे. ते मराठी लिहायचे ते तमिळ लिपीत. ऐकायला सोपं वाटतं. पण तमिळमध्ये प, ब, भ या सगळ्यांना एकच अक्षर! त, द यांनाही एकच, आणि च, स यांनाही. लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, वाचणाऱ्याची पंचाईत. त्यात मला तमिळ वाचता येत नव्हतं आणि सेल्वीला मराठी कळत नव्हतं. म्हणजे राव सरांचा मराठी निरोप मला पोचवायचा तर सेल्वीनं न समजता वाचायचा, आणि मी न बघता समजून घ्यायचा!

एकदा चेन्नईहून एक बडे साहेब आमची कंपनी बघायला आले. त्यांचं काम मिळालं असतं तर डेन्मार्कवर सगळा भार राहिला नसता. राव सरांनी अक्कांना जेवणाचं सांगितलं, आणि साहेबांना कळू नये म्हणून फळ्यावर मराठीत निरोप लिहून ते आत मदतीला गेले.

"काय लिहिलंय?" मी सेल्वीला हळूच विचारलं.

सेल्वीला हळू बोलता येत नाही. तिनं शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं,

"तुबारी पादासा पेत आहे! साहेबांना जाऊ तेऊ नका!"

दुपारी भाताचा बेत आहे, हे माझ्या डोक्यात जुळेपर्यंत वेळ गेला. आधी जे कळलं त्यानं मी टेबलाखाली वाकून हसायला लागले. पेन शोधतेय असं दाखवून! सेल्वीला काही कळेना. ती परत वाचायला लागली, आणखी मोठ्यानं.

तेव्हा साहेब शांतपणे उठले, बॅग उचलली आणि स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाले,

"असा बेत असेल तर मी निघतो जी!"

लहानपण नागपुरात गेलं होतं त्यांचं! राव सर धावत बाहेर आले, भात दाखवला, तेव्हा कुठं साहेब बसले. काम मात्र त्यांनी दिलं. जेवताना सारखे हसत होते.

* * *

आणि आता लार्स.

लार्स म्हणजे डेन्मार्कच्या दूध कंपनीचा माणूस. उंच, अबोल, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा. मागं चुकीच्या ‘येस’वर बांधलेला एक प्रोग्रॅम आमच्याकडून त्यांच्याकडे गेला होता आणि तिकडे तो सुरूच होईना. तेव्हा त्यांनी कळवलं, आमचा माणूस येईल. त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून सगळं बांधून दाखवा. कॅश नको, जुनं काही नको. जमलं तर करार पुढं चालू, नाही जमलं तर नमस्कार.

हा करार गेला असता तर चेन्नईच्या साहेबांच्या एका कामावर कंपनी चालणार नव्हती. राव सर वरून शांत दिसत होते, पण दोन दिवस त्यांनी कॉफीत साखर घातली नव्हती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

शुक्रवार ठरला, सकाळी नऊची वेळ. कण्णननं कॅश नुसती बंद केली नाही, रखवालदारासकट उपटून काढली. सगळ्या फायली सकाळी नव्यानं तयार करून ठेवल्या. नऊ वाजले, दहा वाजले, लार्सचा पत्ता नाही. बसवेना म्हणून कण्णननं दहाला सगळ्या फायली परत एकदा नव्यानं तयार केल्या. तिरुचीहून येताना त्याची टॅक्सी बंद पडली होती. तो घामाघूम होऊन पोचला तेव्हा साडेदहा वाजत आले होते.

अक्का दारात येऊन राव सरांना म्हणाल्या, "रामू, राहुकाल लागतो. शुक्रवारीं साडेदहा ते बारा. आरंभ नको."

"अक्का, साहेब डेन्मार्कहून आले आहेत. त्यांस राहुकाल कसा सांगूं?"

"तें तू पाहा. आरंभ नको."

राव सर इंजिनियर, पण अक्कांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. ते आत गेले आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आले. "चला, सुरू करूं!"

कण्णननं कन्फिगर चालवलं. पहिल्याच प्रश्नाला ते थांबलं. एरर!

सगळ्यांनी कण्णनकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "कॅश नाहीये! शपथ सांगतो, मशीनवरच नाहीये!" त्यानं परत चालवलं. परत तीच एरर. सेल्वी पुढं झाली, प्रत्येक फाइल उघडून बघितली. सगळं ठीक. मला वाटलं, झालं, गेली कंपनी.

लार्स खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आला. त्यानं एररची ओळ मोठ्यानं वाचली. "आत्ता तयार झालेली फाइल आधीच्या फायलींपेक्षा जुनी आहे. तुमचं घड्याळ तपासा."

त्यानं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. मग मशीनचं घड्याळ बघितलं. तिथं सकाळचे नऊ वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

राव सर उभे राहिले. घसा खाकरला. म्हणाले, "मीच मागे केलं. आमच्याकडे दिवसातला एक काळ असतो, त्यात नवीन काम सुरू करत नाहीत. माझी बहीण नको म्हणाली. तुम्ही इतक्या लांबून आलात, तुम्हाला थांबा कसं म्हणू? म्हणून आतल्या सर्व्हरवरून मशीनलाच ठरलेल्या वेळेवर, नऊवर, नेऊन ठेवलं."

लार्सनं दारात उभ्या असलेल्या अक्कांकडे बघितलं. अक्कांनी नजर हलवली नाही.

"कधी संपतो हा काळ?" त्यानं विचारलं.

"बाराला."

"मग बाराला सुरू करू," लार्स म्हणाला. "तुमच्या कन्फिगरनं एवढी बारीक गोष्ट पकडली. मला आता त्याच्यावर विश्वास वाटायला लागलाय."

बारा वाजले. घड्याळ सरळ केलं. कन्फिगरनं एकेक प्रश्न विचारला आणि कंपायलरनं स्वतः उत्तर दिलं. कुठे येस, कुठे नो, जिथं जे खरं ते. सगळा बिल्ड सावकाश, व्यवस्थित पार पडला. लार्सनं राव सरांशी हात मिळवला, आणि जाताना दारात थांबून अक्कांना वाकून नमस्कार केला. कुणी सांगितलं नव्हतं.

करार आला. राव सरांनी आम्हा सगळ्यांना तिरुवैयारूला नेऊन नदीकाठी जेवण दिलं. अक्का, कण्णन, सेल्वी, माझा नवरा, सगळे.

सोमवारी ऑफिसात आलो तर लार्सची ईमेल पडली होती. पुढच्या वर्षाच्या कामाचं सगळं वेळापत्रक त्यानं नीट आखून पाठवलं होतं. एकही डिलिव्हरी शुक्रवारी सकाळी नव्हती. खाली सहीच्या आधी त्यानं एक प्रश्न विचारला होता, अगदी गंभीरपणे. राव सरांनी तो वाचला, ईमेल छापून घेतली आणि मागच्या दारानं आत गेले, अक्कांना विचारायला.

"प्रोग्रॅम तंजावूरात बांधला आणि डेन्मार्कमध्ये चालवला, तर राहू कुणाच्या घड्याळानं धरायचा?"